पडद्यापलीकडे कोण बसले आहे?

लखनौहून कानपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात मानक नगर ओलांडते. रेल्वेच्या अनुसंधान, अभिकल्प आणि मानक संघटनेचे मुख्यालय इथे आहे. रेल्वेत तिला सगळे ‘आरडीएसओ’ म्हणूनच ओळखतात. १९५७ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेत देशभरातल्या रेल्वे विभागांतून माणसे बदलून येतात, काही वर्षे राहतात आणि पुन्हा दुसरीकडे जातात. मुंबई, भुसावळ, नागपूर, सोलापूर ही रेल्वेची मोठी ठाणी, त्यामुळे या ये-जा करणाऱ्यांत मराठी घरेही असतात. अशा घरात कुणाची झोप उडाली, कुणाला सतत धास्ती वाटू लागली, नव्या शाळेत गेलेले मूल हट्टाला पेटले किंवा एकाएकी गप्प झाले, तर त्यांनी कुणाचे दार ठोठवायचे? माझे म्हणणे असे आहे की अशा घरांसाठी फोनवरून किंवा व्हिडिओवरून मिळणारे समुपदेशन ही नाइलाजाची सोय नाही. ताण, चिंता आणि पालकत्वाच्या अडचणी या तीन बाबतींत ती पुष्कळदा पहिली आणि योग्य सोय ठरते. मात्र तिचा गुण तंत्रज्ञानात नाही. पलीकडे प्रशिक्षित माणूस बसलेला असावा, तो आपल्या भाषेत बोलणारा असावा आणि पुढच्या आठवड्यातही तोच भेटावा, यावर सगळे अवलंबून आहे. आज बाजारात ‘ऑनलाइन थेरपी’ या नावाखाली जे मिळते, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या कसोटीला उतरत नाहीत. या सेवेची बाजू घेणाऱ्यांनीच ही कसोटी आग्रहाने लावायला हवी.

लखनौमध्ये मानसोपचारांची वानवा आहे म्हणून हे म्हणायचे, असे नाही. ई. स्टॅनली जोन्स यांनी १९५० साली इथे ‘नूर मंजिल’ हे मानसोपचार केंद्र सुरू केले. संवादातून उपचार करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा मानसोपचार विभागही जुना आणि नामांकित आहे. देशातल्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षा हे शहर कितीतरी सुदैवी म्हणायचे, कारण देशात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. नेहमी दिला जाणारा आकडा पाऊण, म्हणजे ०.७५ इतकाच आहे. तरीही डॉक्टर जवळ असणे आणि मदत मिळणे यांत मोठे अंतर उरते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात उत्तर प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. त्या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि चिंता, नैराश्य यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेच नव्हते. तेरा ते सतरा वयोगटात हे विकार ७.३ टक्के मुलांत दिसले. महानगरांतले प्रमाण ग्रामीण भागाच्या जवळपास दुप्पट होते. म्हणजे जिथे दवाखाने आहेत तिथेही माणसे दारातून मागे फिरतात, किंवा दारापर्यंत येतच नाहीत.

ती का येत नाहीत, याची उत्तरे मानक नगरसारख्या वसाहतीत फार ठळक दिसतात. पहिले कारण लपवाछपवीचे. एकाच आवारात घर, कचेरी, मुलांचे मैदान आणि साहेबांचा बंगला असतो, तेव्हा कुणाच्या दारी रिक्षा का थांबली, कुणी रजा कशासाठी काढली, हे चार घरांना कळते. ‘त्यांच्याकडे काहीतरी मानसिक आहे’ हे वाक्य बदलीच्या ठिकाणीही पोहोचेल, अशी भीती माणसाला गप्प बसवते. दुसरे कारण सातत्याचे. समुपदेशन एका भेटीत संपत नाही. विश्वास बसायलाच दोन-तीन भेटी जातात आणि खरे काम आठ-दहा आठवडे चालते. ते रंगात आले असताना बदलीचा हुकूम निघाला की सगळे पहिल्यापासून नव्या शहरात, नव्या माणसापुढे मांडायचे. तिसरे कारण भाषेचे. कचेरीत उत्तम हिंदी बोलणारा माणूसही रात्री तीन वाजता मनात येणाऱ्या विचारांबद्दल हिंदीत बोलू लागला की त्याचे वर्णन आटोपशीर होते. जीव घाबरा होणे, पोटात खड्डा पडणे, कशातच मन न लागणे, हे ज्या भाषेत लहानपणापासून ऐकले आणि सोसले, त्याच भाषेत ते नेमके सांगता येते. मुलांच्या बाबतीत तर हे आणखी खरे आहे. घरातली बोलणी, टोमणे, लाड आणि धाक मराठीत चाललेले असतात. आईने मुलाला नेमके काय म्हटले आणि त्यावर मूल काय म्हणाले, हे शब्दाला शब्द कळल्याशिवाय समुपदेशकाला तिथली गाठ सापडत नाही. ठाण्यात किंवा नाशिकमध्ये बसलेला समुपदेशक ही तिन्ही कारणे एकदम दूर करतो. तो वसाहतीतल्या कुणाला ओळखत नाही, बदली झाली तरी बदलत नाही आणि घरातली भाषा त्याला समजावून सांगावी लागत नाही.

दुरून मन मोकळे करणे ही आपल्याकडे इंटरनेटने आणलेली गोष्ट नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात १९२७ पासून वाचक असे प्रश्न विचारत, जे घरात, डॉक्टरपुढे किंवा मित्रापुढेही काढण्याची त्यांची छाती नव्हती. त्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत महाराष्ट्रात रुजवणारे के. एम. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली. मुलांच्या मानसोपचाराच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले प्रकरणही मुख्यतः दुरून हाताळलेले आहे. घोड्यांना घाबरणाऱ्या ‘लिटल हान्स’ची हकिगत सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली प्रसिद्ध केली, पण त्या उपचारांच्या काळात ते मुलाला एकदाच भेटले होते, बाकी सारे वडिलांच्या नोंदी आणि त्यांना केलेले मार्गदर्शन. फ्रॉइड यांनी त्या भीतीचा लावलेला अर्थ आज फारसे कुणी मान्य करत नाही. पण त्यांनी निवडलेला मार्ग, म्हणजे लहान मुलाच्या अडचणीत आई-वडिलांमार्फत काम करण्याचा मार्ग, आजच्या पालक प्रशिक्षणाचाही पाया आहे. मूल आठवड्यातला एक तास समुपदेशकाकडे असते आणि उरलेले सगळे तास घरात. म्हणून घरातल्या मोठ्यांचे वागणे बदलले तर मुलाचे बदलते. ते बदलायला समुपदेशक त्याच शहरात असण्याची गरज नाही.

अर्थात परंपरा सांगून परिणाम सिद्ध होत नाही. त्यासाठी अभ्यास पाहावे लागतात आणि ते आता भरपूर आहेत. चिंता आणि नैराश्य यांवर विचार व वर्तन बदलण्याची जी उपचारपद्धती वापरतात, ती इंटरनेटवरून दिली तर काय होते, याचे सर्वाधिक संशोधन स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात झाले. स्वीडनचे पेर कार्लब्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये समोरासमोर आणि इंटरनेटवरून दिलेल्या उपचारांची थेट तुलना करणारे वीस अभ्यास एकत्र तपासले. दोन्हींचे परिणाम सर्वसाधारणपणे सारखेच निघाले. पण या अभ्यासांतले उपचार माणसाच्या मार्गदर्शनाखाली चाललेले होते, ही त्यातली कळीची बाब. पाठ वाचायचे, सराव करायचा आणि दर आठवड्याला खरा समुपदेशक तो सराव तपासून उत्तर देणार, अशी ती रचना. मार्गदर्शन काढून घेतले आणि माणसाला अ‍ॅपच्या हवाली केले की परिणाम घटतो, हेही संशोधनात वारंवार दिसले आहे. मानसिक आरोग्याच्या लोकप्रिय अ‍ॅपच्या प्रत्यक्ष वापराची २०१९ मध्ये पाहणी झाली. अ‍ॅप उतरवून घेतलेल्यांपैकी पंधराव्या दिवशी ते उघडणारे चार टक्केही उरले नव्हते. कुणीतरी आपली वाट पाहते आहे, आपण लिहिलेले वाचणार आहे, ही जाणीव असल्याशिवाय बहुतेक माणसे स्वतःच्या मनावर फार काळ काम करत नाहीत. यंत्राशी गप्पा मारून मन हलके करण्याची सवय अलीकडे वाढते आहे, तिचा विचारही याच कसोटीवर करायला हवा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मानसोपचार देण्यावर कायद्याने बंदी घातली, ती या धोक्याकडे पाहूनच.

पालकत्वाबाबतचा पुरावा तर मला जास्तच पटणारा वाटतो. फिनलंडमध्ये आंद्रे सौरांदेर यांच्या गटाने बालआरोग्य केंद्रांत नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या चार वर्षांच्या मुलांतून फार आक्रस्ताळी, न जुमानणारी मुले निवडली. अशा ४६४ कुटुंबांपैकी निम्म्यांना अकरा सत्रांचे इंटरनेटवरचे प्रशिक्षण आणि दर आठवड्याला एक फोन, एवढेच दिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतरही त्या मुलांच्या वागण्यात दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट सुधारणा टिकून होती. हे पालक दवाखान्यात मदत मागायला आलेले नव्हते. मदत त्यांच्या घरी गेली. अमेरिकेत जोनाथन कोमर यांनी २०१७ मध्ये याहून पुढचा प्रयोग मांडला. आई घरातल्या सतरंजीवर मुलाबरोबर खेळते आहे, समोर कॅमेरा आहे, तिच्या कानात बिनतारी इयरफोन आहे आणि समुपदेशक दुसऱ्या गावातून तो खेळ पाहत तिच्या कानात हळूच सांगतो: आत्ता त्याने ठोकळा स्वतःहून दिला, त्याचे नाव घेऊन कौतुक करा, आता तो ओरडतोय, त्याच्याकडे बघू नका, तुमचे ठोकळे रचत राहा, शांत झाला, लगेच वळा. दवाखान्यात येऊन हेच प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या तुलनेत घरून घेणाऱ्यांचे परिणाम कमी पडले नाहीत, काही बाबतींत सरसच ठरले. याचे कारण समजायला अवघड नाही. मूल जिथे हट्ट करते त्याच खोलीत, त्याच खेळण्यांपुढे आई शिकते. दवाखान्यात शिकलेले घरी नेऊन लावताना जे निसटते, ते इथे निसटत नाही.

हे सगळे थंड देशांतले, पैसेवाल्या व्यवस्थांतले अभ्यास, आपल्याला त्यांचे काय, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच शेजारी आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ संस्थेने, विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना निवडून प्रशिक्षण दिले. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा ते आठ सत्रांचे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्षही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही कामे समोरासमोरची होती, ऑनलाइन नव्हती. तरीही आपल्या विषयाला ती दोन मोलाच्या गोष्टी शिकवतात. एक म्हणजे मदत लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या जवळ आणली की ‘आमच्याकडे असले काही घेत नाहीत’ ही समजूत गळून पडते. दुसरी अशी की समुपदेशकाच्या नावापुढच्या लांबलचक पदव्यांपेक्षा त्याला मिळालेले नेमके प्रशिक्षण आणि त्याच्या कामावर असलेली अनुभवी माणसाची देखरेख अधिक मोलाची असते. या समुपदेशकांची सत्रे ध्वनिमुद्रित होत, ती ऐकून त्यावर चर्चा होई. ऑनलाइन सेवा देणाऱ्या किती कंपन्या आपल्या समुपदेशकांसाठी असे काही करतात, हे ग्राहकाने विचारायला हवे.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत जुना आक्षेप असा की समोर बसल्याशिवाय माणूस कळत नाही. डोळ्यांतले पाणी, हाताची थरथर, खोलीत शिरतानाची चाल पडद्यावर दिसत नाही. यात तथ्य आहे आणि म्हणूनच निदान अनिश्चित असेल तिथे एक तरी प्रत्यक्ष भेट व्हावी. पण या गमावण्याच्या समोर कमावणेही ठेवले पाहिजे. पडद्यावर समुपदेशकाला घर दिसते: मूल कुठे अभ्यास करते, आजोबा मधेच काय बोलतात, टीव्ही किती मोठ्याने चालू असतो. ज्याला लोकांची भीती वाटते, तो पहिल्यांदा कॅमेरा बंद ठेवून बोलू लागतो आणि पुढे धीर येतो, तसा कॅमेरा उघडतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली सुरू केलेली ‘आयकॉल’ सेवा फोन आणि ईमेलवरून चालते आणि तिथे चेहरा दिसत नाही म्हणूनच बोलणारे लोक पुष्कळ आहेत. शरम हाच ज्या आजारातला मोठा अडसर, त्या आजारात थोडे अंतर औषधासारखे उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा: घरात एकांत कुठे आहे? दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सासू स्वयंपाकघरात आणि मुले शेजारच्या खोलीत असताना सुनेने कुणाशी काय बोलायचे? हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्केच निघाल्या. जिच्या हातात फोन नाही किंवा जिचा फोन रोज तपासला जातो, तिला ऑनलाइन सेवेची जाहिरात करून काही मिळत नाही. यावर उपाय आहेत, पण ते सेवा देणाऱ्याने मुद्दाम करावे लागतात. सत्राची वेळ घर रिकामे असते तेव्हाची, म्हणजे सकाळी शाळा सुटण्याआधीची ठेवायची. व्हिडिओचा आग्रह न धरता चालत-चालत फोनवर बोलू द्यायचे. कुणी खोलीत आले तर बोलणे बदलण्याचा एक शब्द आधीच ठरवून घ्यायचा. शाळा, ग्रंथालये आणि रेल्वेसारख्या मोठ्या आस्थापनांच्या वसाहतींत दार बंद होणारी एक खोली, एक खुर्ची आणि इंटरनेट एवढी सोय झाली तरी अनेक बायकांना आणि किशोरवयीन मुलांना बोलायला जागा मिळेल. लखनौची खोली आणि पुण्याचा समुपदेशक अशी जोडी जमवणे अवघड नाही. त्यासाठी फक्त कुणीतरी ते आपले काम मानायला हवे.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो. आम्ही चार-चार मुले वाढवली, कुणाला समुपदेशक लागला नाही. आजी, मावशी, शेजारीण हेच आमचे समुपदेशक. या बोलण्यातला आधार खरा आहे आणि तो ज्यांना आजही लाभतो त्यांनी तो जपावा. पण जे घर बदलीमुळे दीड हजार किलोमीटरवर गेले, त्याची आजी रात्रीच्या फोनवर येते आणि मावशी लग्नकार्यात भेटते. शिवाय जुन्या घरांत सगळे सुरळीत होते, हेही पूर्ण सत्य नाही. बाळंतपणानंतर महिनोन् महिने रडणारी बाई, परीक्षेच्या नावाने उलटी होणारा मुलगा, दारूत बुडालेला काका, यांचे दुःख त्या घरांतही होते. त्याला नाव नव्हते आणि उपाय नव्हता, एवढेच. चांगला समुपदेशक आजीची जागा घेत नाही. उलट तिच्या हाताशी असलेल्या मायेला थोडी दिशा देतो. नातवाच्या प्रत्येक हट्टाला बिस्किटाचा पुडा हे उत्तर का नको, हे तिला पटेल असे सांगतो.

चौथा आक्षेप भोंदूगिरीचा आणि फसवणुकीचा, आणि इथे मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. डॉक्टरांसाठी २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम आले. पण ‘काउन्सेलर’, ‘थेरपिस्ट’, ‘पेरेंटिंग कोच’ अशा पाट्या लावणाऱ्या असंख्य लोकांवर आजही कुणाचे प्रत्यक्ष नियंत्रण नाही. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याने समुपदेशकांना नोंदणीच्या कक्षेत आणले, मात्र त्यानुसार परिषदा उभ्या राहण्याचे काम फार धीम्या गतीने चालले आहे. रेल्वेच्या सुरक्षेशी संबंधित एखादी स्प्रिंग किंवा ब्रेकचा भागसुद्धा आरडीएसओची विनिर्देशने आणि पुरवठादाराची मान्यता यांशिवाय गाडीला लागत नाही, आणि आपल्या मुलाच्या मनात हात घालणाऱ्या माणसाची पात्रता तपासायला आपल्यापाशी एक विश्वासार्ह यादीही नसावी, ही लाजेची गोष्ट आहे. माहितीच्या सुरक्षेचे तेच. फिनलंडच्या ‘वास्तामो’ या मानसोपचार कंपनीतून हजारो रुग्णांच्या सत्रांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये खुद्द रुग्णांनाच खंडणीसाठी धमक्या आल्या. अमेरिकेच्या ‘बेटरहेल्प’ कंपनीने ग्राहकांची संवेदनशील माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायद्याचा धाक कंपन्यांना वाटायचा तर अशा नोंदींसाठी वेगळी, कडक तपासणी लागेल.

या सेवेची मर्यादाही निःसंदिग्धपणे सांगायला हवी. भास होणे, वास्तवाशी नाते तुटणे, खाणे-पिणे सोडणे, जीव देण्याचे विचार घट्ट होणे, व्यसन सुटताना येणारे तीव्र त्रास, घरातली मारहाण, मुलावरचा अत्याचार, अशा वेळी जवळचा दवाखाना आणि जवळची माणसे लागतात; पडद्यावरचा समुपदेशक एकटा पुरत नाही. लहान मुलाचे बोलणे उशिरा सुरू होणे किंवा त्याच्या विकासात अडथळा दिसणे यासाठीही प्रत्यक्ष तपासणी हवी. म्हणून चांगल्या ऑनलाइन सेवेची खूण अशी की ती पहिल्याच सत्रात तुमचा पत्ता, जवळच्या एका नातलगाचा फोन आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहून घेते. जी सेवा हे विचारत नाही आणि सगळ्यावर इलाज असल्याचे सांगते, तिच्यापासून दूर राहिलेले बरे. त्याच सत्रात ग्राहकानेही विचारावे: तुमचे शिक्षण काय, नोंदणी कुठे, तुमच्या कामावर देखरेख कुणाची, साधारण किती सत्रे लागतील, फरक पडला की नाही हे कसे मोजणार आणि माझ्या नोंदी कुठे राहतील. या प्रश्नांनी जो दुखावतो, तो आपल्या कामाचा नाही.

सरकारने सुरुवात चांगली केली आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो, वीस भाषांत उत्तर देतो आणि त्या भाषांत मराठी आहे. पण मदतवाहिनीचे बळ पहिल्या फोनात असते. त्या फोनापुढचे आठ-दहा आठवड्यांचे काम कुणी करायचे, हा खरा प्रश्न आहे. सध्या ते खासगी समुपदेशकाकडे पैसे मोजून करावे लागते आणि मध्यमवर्गीय घरालाही दर आठवड्याचा तो खर्च जड जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच विमासंरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि समुपदेशनासाठी कुणी दाखल होत नाही. त्यामुळे ज्या टप्प्यावर थोड्या खर्चात आजार आवरता येतो, त्या टप्प्यावर विमा हात वर करतो.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. समुपदेशकांची सार्वजनिक नोंदवही उघडावी आणि त्यात प्रत्येकाचे प्रशिक्षण व भाषा लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे लखनौ, इंदूर, बडोदा किंवा दुबईतल्या मराठी घराला आपला माणूस शोधता येईल. टेली मानसवर फोन करणारा कोणत्या राज्यातून बोलतो यापेक्षा त्याला कोणत्या भाषेत बोलायचे आहे याला महत्त्व मिळावे आणि ज्याला पुढची सत्रे लागतील त्याला शक्यतो तोच समुपदेशक मिळावा. नोंदणीकृत समुपदेशकाच्या ठरावीक सत्रांचा खर्च विम्यात, दाखल होण्याची अट न घालता यावा. रेल्वे, बँका, लष्कर, सार्वजनिक उपक्रम, ज्यांची माणसे सतत बदलीवर असतात, त्यांनी कर्मचाऱ्यांच्या मातृभाषेतले समुपदेशन सेवाशर्तींचा भाग मानावे आणि त्याच्या नोंदी वरिष्ठांच्या नजरेला पडणार नाहीत, याची लेखी हमी द्यावी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी समाजांच्या मंडळांनीही गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट यांच्या बरोबरीने आपल्या भाषेतल्या समुपदेशकांची खात्रीची यादी ठेवावी. हे काम त्यांना आजच करता येईल. यांतली एकही गोष्ट नव्या तंत्रज्ञानावर अडलेली नाही. फोन घरोघरी पोहोचले आहेत. आता त्या फोनवर उत्तर देणारी शिकलेली, जबाबदार आणि आपल्या भाषेतली माणसे तयार करण्यासाठी पैसा आणि मन दोन्ही घालायला हवे, आणि त्या माणसांची पात्रता तपासण्याचा हक्क प्रत्येक पालकाला मिळायला हवा.